या महिन्याचा सिनेमा कोण ठरवणार?

बंगळुरूत सिनेमावर मनापासून बोलणाऱ्या मराठी माणसांची वानवा नाही. व्हाइटफिल्डच्या सोसायट्यांत, बनशंकरीत, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपन्यांच्या कॅन्टीनमध्ये, गणपतीच्या मांडवामागे ती एकमेकांना भेटतात. एखाद्या सिनेमावर तासभर तावातावाने बोलून झालं की कुणीतरी म्हणतं, ‘दर महिन्याला एक सिनेमा ठरवू या, आपापल्या घरी बघू या आणि भेटून बोलू या.’ ग्रुप तयार होतो, त्याचं बारसं होतं, पहिले दोन महिने उत्साहात जातात. मग घोडं पेंड खातं ते नेमकं एकाच ठिकाणी: सिनेमा कोणता? मेसेजांचा पाऊस पडतो, तिघं भांडतात, बाकीचे मुकाट वाचत राहतात. शेवटी सगळ्यांनी केव्हाच पाहिलेलं काहीतरी ठरतं, नाहीतर ते भिजत घोंगडं पुढच्या महिन्यावर जातं. अशा किती गटांची हौस याच एका प्रश्नापायी विरते, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण सिनेमा ठरवण्याची साधी रीत आधी लावून घेतली तर हे सहज टळतं.

ही अडचण तशी नवी आहे. सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी मित्रांसह १९४७मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटी सुरू केली. १९५९मध्ये देशभरातल्या सोसायट्यांचं फेडरेशन झालं आणि राय त्याचे अध्यक्ष झाले. मुंबईत १९६८मध्ये प्रभात चित्र मंडळ, बंगळुरूत १९७१मध्ये सुचित्रा फिल्म सोसायटी उभी राहिली. शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडु या छोट्याशा गावात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘नीनासम’ने १९७३मध्ये चित्रसमाज काढला आणि शेतकऱ्यांना, गावकऱ्यांना जगभरचा सिनेमा दाखवला. या मंडळींचा सगळा घाम प्रिंट मिळवण्यात जायचा. एखाद्या परदेशी वकिलातीकडून, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून, वितरकाच्या मिनतवाऱ्या करून जी रिळं हाती लागतील ती लावायची. सभासदांचं मत विचारण्याइतकी चैन परवडणारीच नव्हती. आज हातातल्या फोनवर एवढे सिनेमे आहेत की बारा माणसं बारा दिशांना तोंड करून बसतात. म्हणून मतदान. पण मतदान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: एक माणूस, एक मत, जास्त मतं त्याचा विजय. सिनेमाच्या गटासाठी ही पद्धत जवळजवळ नेहमी चुकीचा सिनेमा निवडते. कसा, ते पाहू.

समजा, गटात बारा जण आहेत आणि यादीत चार सिनेमे: ‘सैराट’, ‘कोर्ट’, ‘किल्ला’ आणि ‘अस्तु’. प्रत्येकाने एकच मत दिलं. ‘सैराट’ला पाच, ‘कोर्ट’ला चार, ‘किल्ला’ला दोन, ‘अस्तु’ला एक. ‘सैराट’ निवडून आला. आता जरा बाकीच्यांकडे बघा. बारापैकी सात जणांनी त्याला मत दिलेलं नाही. त्यांतल्या बऱ्याच जणांनी तो पाहिलेला आहे, पुन्हा १७४ मिनिटं काढायची त्यांची तयारी नाही. बैठकीला ते येतील, पण जुन्या आठवणीवर बोलतील, किंवा येणारच नाहीत.

आता दुसरी पद्धत. प्रत्येकाने चारही सिनेमांना पसंतीक्रम द्यायचा. ज्याला सर्वांत कमी पहिली पसंती, तो बाद, आणि त्याची मतं त्या-त्या माणसाच्या पुढच्या पसंतीकडे वळवायची. ऑस्करमध्ये सर्वोत्तम चित्रपट गेली अनेक वर्षं याच रीतीने ठरतो. आपल्या उदाहरणात ‘अस्तु’ बाद होतो. त्या एका मतदाराची दुसरी पसंती ‘किल्ला’ असेल, तर ‘किल्ला’चे तीन होतात. तरी तोच आता सर्वांत खाली, म्हणून तोही बाद. त्या तिघांची पुढची पसंती ‘कोर्ट’ असेल, तर ‘कोर्ट’ सातांवर जातो आणि जिंकतो.

तिसरी पद्धत सगळ्यांत सोपी. प्रत्येकाने मनाला येतील तेवढ्या सिनेमांवर खूण करायची, एकावर, दोनांवर, चारही आवडले तर चारांवर. तीच बारा माणसं, तीच आवड. ‘सैराट’च्या पाचांपैकी चौघांना ‘किल्ला’ही चालतो, ‘कोर्ट’वाल्यांपैकी तिघांना चालतो, ‘अस्तु’वाल्यालाही चालतो. ‘किल्ला’ला दहा खुणा पडतात, ‘कोर्ट’ला सात, ‘सैराट’ला सहा, ‘अस्तु’ला पाच. आता ‘किल्ला’ जिंकला.

माणसं बदलली नाहीत, त्यांची आवड बदलली नाही, फक्त मोजणी बदलली आणि तीन वेगळे सिनेमे निवडून आले. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये बोर्दा आणि काँदोर्से या दोन विद्वानांचा वाद याच जातीच्या प्रश्नावर होता. पसंतीक्रम गोळा करून सगळ्या वाजवी अटी एकदम पाळणारी निर्दोष पद्धत असूच शकत नाही, हे केनेथ अॅरो यांनी १९५१मध्ये गणिताने सिद्ध केलं. तेव्हा तुमच्या गटात कुणी ‘हे खरं बहुमत नव्हे’ म्हणून हटून बसलं, तर वाद घालत बसू नका. कोणतीही पद्धत घेतली तरी कुठेतरी कुरकुर राहणारच. आपल्या कामाला उपयोगी कोणती, एवढंच ठरवायचं.

माझ्या मते उत्तर स्वच्छ आहे: तिसरी. कारण आपल्याला सर्वश्रेष्ठ सिनेमा शोधायचा नाही. ते काम करणारे वेगळे आहेत. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक १९५२पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांना विचारतं. पहिल्या वेळी ‘बायसिकल थीव्ह्ज’ अव्वल ठरला, १९६२ ते २००२ ‘सिटिझन केन’, २०१२मध्ये ‘व्हर्टिगो’, आणि २०२२मध्ये शांताल आकेरमान या बाईंचा ‘जान दिएलमान’. तिथेही प्रत्येक समीक्षक दहा नावं देतो आणि त्या दहांचं वजन सारखंच धरतात. आपल्याला दर महिन्याला असा सिनेमा हवा आहे जो जास्तीत जास्त माणसं खरोखर बघून येतील. म्हणून मतपत्रिकेवरचा प्रश्नच बदला. ‘तुम्हाला कोणता सिनेमा हवा?’ असं विचारू नका. ‘यांपैकी कोणकोणते सिनेमे निवडले गेले तर तुम्ही ते पूर्ण बघून बैठकीला याल?’ असं विचारा. या प्रश्नाला दिलेलं उत्तर म्हणजे शब्द दिल्यासारखं असतं. ज्याने खूण केली त्याच्यावर बघून येण्याची जबाबदारी आली, आणि ज्याने केली नाही त्याला कुणी बोल लावायचा नाही. एवढा एक बदल केला तरी बैठकीचा चेहरामोहरा बदलतो.

या पद्धतीला एक खोट आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कुणालाच न खुपणारा सिनेमा तिच्यात पुन्हा पुन्हा वर येतो. अवघड, संथ, कुणा एकाच्या जिव्हाळ्याचा सिनेमा दर वेळी शेवटच्या नंबरवर अडकतो. ‘अस्तु’ सुचवणाऱ्या बाईंच्या घरी कदाचित आठवण हरवत चाललेले वडील असतील, आणि त्यांना या सिनेमावर बोलायचं असेल. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या एका संस्कृत पंडिताची गोष्ट त्यात सांगितली आहे. मोहन आगाशे यांनी ती भूमिका केली आहे. असा सिनेमा बहुमताच्या भरवशावर सोडला तर त्याची पाळी कधीच यायची नाही. म्हणून दर चौथा महिना मतदानाशिवाय ठेवा. त्या महिन्यात, ज्याची सूचना सर्वांत जास्त वेळा हरली आहे, त्याने आपला सिनेमा सांगायचा आणि सगळ्यांनी तो बिनतक्रार बघायचा. याला ‘हक्काचा महिना’ म्हणा. हरलेल्या सूचनांची नोंद ठेवायला एक साधी वही पुरते. हक्काचा महिना आहे हे माहीत असलं की माणसं हरल्यावर रुसत नाहीत, पुढच्या वेळी पुन्हा हौसेने सुचवतात.

यादी कोणी करायची, हा मतदानाइतकाच महत्त्वाचा भाग. खुल्या मैदानात ‘सुचवा’ म्हटलं की वीस-पंचवीस नावं येतात आणि मतं विखुरतात. दर महिन्याला दोघांनी मिळून चार किंवा पाच नावांची यादी करावी, पाळीपाळीने. एक मुरलेला आणि एक नवखा अशी जोडी लावली तर उत्तम. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहायच्या: सिनेमा किती मिनिटांचा, आत्ता कुठे बघायला मिळतो, सबटायटल्स आहेत का, आणि सुचवणाऱ्याने तो का सुचवला, याचं एक वाक्य. ‘मास्टरपीस आहे’ हे वाक्य चालणार नाही. ‘शाळकरी मुलाच्या नजरेतून कोकणातला पाऊस बघायचा आहे’ हे चालेल; ‘किल्ला’ला दहा खुणा अशाच वाक्यावर पडतात.

कुठे मिळतो, हे सुचवणाऱ्याने स्वतः उघडून बघितल्याशिवाय लिहू नये. ओटीटीवरचे सिनेमे येतात-जातात. गेल्या वर्षी होता म्हणून आजही असेल असं नाही. सबटायटल्सचा मुद्दा पुण्या-मुंबईच्या गटाला एक वेळ सोडून देता येईल, बंगळुरूत अजिबात नाही. इथे तुमच्या गटात बेळगावचे असतील, नागपूरचे असतील, नवऱ्याच्या नाहीतर बायकोच्या बाजूने मराठी झालेले कन्नड, तमीळ, मल्याळी असतील, इथेच वाढलेली आणि मराठी ऐकून समजणारी पण वाचू न शकणारी मुलं असतील. शिवाय चिक्कपेट, कॉटनपेटकडची पिढ्यान्पिढ्यांची मराठी घरं आहेत. १६३८मध्ये शहाजीराजांना बंगळुरूची जहागीर मिळाली, तेव्हापासून इथे मराठीचा वावर आहे, आणि त्या घरांतली मराठी कानडी वळणाची, ऐकत राहावी अशी गोड आहे. ही सगळी माणसं एका सिनेमासमोर बसणार असतील तर चांगल्या सबटायटल्स नसलेलं नाव यादीतून काढून टाकायला कचरू नका.

प्रत्यक्ष मतदान गुप्त ठेवा. व्हॉट्सअॅपच्या पोलमध्ये एकापेक्षा जास्त उत्तरं देता येतात, ही सोय आपल्या कामाची आहे. पण कुणी कशावर खूण केली ते सगळ्यांना दिसतं, आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते. गटातल्या ज्येष्ठ काकांनी सकाळी सातला आपली पसंती नोंदवली की दहापर्यंत निम्मी माणसं होला हो मिळवतात. वाहिनीसाठी लिहिणारा किंवा पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकून आलेला कुणी असेल तर त्याच्या मागे तर रांगच लागते. साधा गूगल फॉर्म करा, निकाल शेवटी एकदमच जाहीर करा. समोरासमोर बसून ठरवत असाल तर चिठ्ठ्या. हात वर करून कधीही नाही. मुदत तीन दिवस पुरे. त्यात ज्यांनी मत दिलं नाही त्यांच्या मागे लागू नका, मुदतही वाढवू नका. वाढणारी मुदत म्हणजे न होणारी बैठक. गट पंचवीस-तीसच्या वर गेला तर पसंतीक्रमाची दुसरी पद्धत वापरून बघायला हरकत नाही, पण मोजणी दोघांनी मिळून करावी आणि आकडे सगळ्यांना दाखवावेत.

वेळापत्रक महिन्याच्या सुरुवातीलाच लावा: एक तारखेला यादी, पाच तारखेला निकाल, तिसऱ्या किंवा चौथ्या रविवारी बैठक. मध्ये दोन आठवडे बघायला मिळाले की नोकरी करणाऱ्यांची, लहान मुलं असणाऱ्यांची ओढाताण होत नाही. लाँग वीकेंड आला की अर्धं बंगळुरू गावाकडे जाणाऱ्या बसमध्ये असतं, तो रविवार टाळा.

जागेचं म्हणाल तर या शहरात अंतर किलोमीटरात मोजून उपयोग नाही. मेट्रोच्या आसपास भेटायचं ठरवलं की निम्मा प्रश्न सुटतो. जांभळी मार्गिका व्हाइटफिल्डकडून येते, हिरवी दक्षिण-उत्तर जाते, २०२५च्या ऑगस्टपासून पिवळी मार्गिका इलेक्ट्रॉनिक सिटीला आर. व्ही. रोडशी जोडते. कब्बन पार्क स्टेशनजवळ सगळ्यांनाच येता येतं. जानेवारी ते मार्चमध्ये बागेतल्या सावलीत बसून दीड-दोन तास बोलण्यासारखं दुसरं सुख नाही. पावसाळ्यात कुणाच्या तरी घरी भेटा. पण यजमानावर खाण्यापिण्याचा भार पडू देऊ नका, नाहीतर पुढचा यजमान मिळत नाही.

एखादा नवा मराठी सिनेमा बंगळुरूच्या मल्टिप्लेक्समध्ये लागला तर मात्र सगळं वेळापत्रक बाजूला ठेवा. इथे मराठी सिनेमाचे शो मोजकेच असतात, तेही शनिवार-रविवारी, आणि आठवड्याभरात गाशा गुंडाळतात. ठरलेला सिनेमा पुढच्या महिन्यात ढकला आणि सगळ्यांनी मिळून थिएटरात जा. तिकिटं विकली गेली तरच पुढचा सिनेमा इथे लागेल. वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत बंगळुरू आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होतो, त्या महिन्यातही मतदान नको. महोत्सवात प्रत्येकाने जे पाहिलं त्यावर बोला.

आता बैठकीबद्दल. निवड कितीही नीट झाली तरी बैठकीत ‘आवडला’, ‘संथ होता’, ‘म्युझिक छान’ एवढंच झालं तर लोक पुढच्या महिन्यात मत द्यायचीही तसदी घेणार नाहीत. तीन नियम मी कधीही सोडणार नाही. सिनेमा सुचवणाऱ्याने सर्वांत शेवटी बोलायचं, कारण तो पहिल्यांदा बोलला की बाकीचे त्याची बाजू तरी घेतात किंवा त्याच्यावर तुटून तरी पडतात. पहिल्या फेरीत मत सांगायचं नाही, फक्त आपल्या लक्षात राहिलेलं एक दृश्य किंवा एक आवाज सांगायचा, जसा पाहिला तसा. आणि ज्याने सिनेमा बघितलेला नाही त्याने यावं, ऐकावं, पण पहिला तासभर बोलू नये.

पहिल्या फेरीचं महत्त्व चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’वरून (२०१४) चांगलं कळतं. ज्यांनी तो बघितला नसेल त्यांनी हा आणि पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत, कारण शेवट सांगितल्याशिवाय मुद्दा येत नाही. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर खटला भरला जातो: त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने जीव दिला, असा आरोप. ही भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली होती. २०२१मध्ये करोनाने त्यांना नेलं. सिनेमाच्या शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, माणसं उठून जातात, दिवे मालवले जातात आणि पडदा काळा होतो. बघणाऱ्याला वाटतं, संपला. तो संपत नाही. त्यानंतर आपण न्यायाधीशांबरोबर सहलीला जातो. तिथे ते एका परिचिताला, मूल बोलत नाही म्हणून, अंकशास्त्राचा सल्ला देतात. मग बागेतल्या बाकावर डुलकी काढतात, मुलं ओरडून त्यांना जागं करतात, ते एकाला चापट मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात.

बैठकीत ‘शेवट कळला नाही’ असं कुणीतरी म्हणणारच. तेव्हा विषय बदलू नका. विचारा: पडदा काळा झाल्यावर तिथेच संपवला असता तर काय वाटलं असतं? कोणावर राग आला असता? आता कोणावर येतो? या एका प्रश्नावर अर्धा तास सहज जातो, आणि ज्यांना सिनेमाची परिभाषा येत नाही तीही माणसं बोलायला लागतात, कारण प्रश्न त्यांनी स्वतः पाहिलेल्या गोष्टीबद्दल असतो.

याच सिनेमात दुसरं एक दृश्य आहे, आणि बंगळुरूतल्या मराठी गटाने त्यावर थांबायलाच हवं. गीतांजली कुलकर्णी यांनी रंगवलेल्या सरकारी वकील बाई दिवसभर कोर्टात शिक्षा मागतात, मुलाला घेऊन घरी जातात, स्वयंपाक करतात, आणि सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जातात. नाटकात परप्रांतीयांवर विनोद चालले आहेत, प्रेक्षागृह हसतं आहे, टाळ्या पडताहेत. मुंबईत बसून हे दृश्य पाहणारा स्वतःला त्या प्रेक्षकांत पाहतो. बंगळुरूत आपणच परप्रांतातून आलेले आहोत. रिक्षावाल्याशी कन्नडमध्ये दोन वाक्यं बोलताना आपली जीभ अडखळते, कधी कुणी त्यावरून टोमणा मारतं, आणि कधी तोच माणूस कौतुकाने हसून आपल्याला शब्द शिकवतो. हे सगळं मनात घेऊन ते दृश्य पाहिलं की प्रेक्षागृहातलं हसू वेगळंच ऐकू येतं. मराठी सिनेमा मराठी मुलखाबाहेर राहून बघण्याचा हा लाभ आहे, आणि तो इतरांना मिळत नाही.

म्हणूनच यादी करताना मी दर दोन-तीन महिन्यांनी मराठी आणि कन्नडची जोडी लावायला सांगेन. शेजारच्या कन्नड मित्रांना हक्काने बोलावता येतं आणि दोन्ही सिनेमांची कुटुंबं किती जवळची आहेत तेही दिसतं. गिरीश कार्नाड यांचा जन्म माथेरानचा. १९७०च्या ‘संस्कार’मध्ये त्यांनी प्राणेशाचार्य केले, आणि १९८२मध्ये जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’त स्मिता पाटील यांच्या समोर नवऱ्याची भूमिका केली. हे दोन सिनेमे लागोपाठच्या महिन्यांत ठेवून बघा. ज्यांना इथे सगळे ‘ऑटो राजा’ म्हणून ओळखतात, ते कन्नड अभिनेते शंकर नाग, जयू आणि नचिकेत पटवर्धन यांच्या ‘२२ जून १८९७’ या चापेकर बंधूंवरच्या मराठी सिनेमाच्या लेखनात होते. बंगळुरूत जन्मभर राहिलेल्या कन्नड प्रेक्षकाला हे सांगितलं की तो आपणहून बघायला येतो. ‘सैराट’ आणि त्याचा २०१७चा कन्नड अवतार ‘मनसु मल्लिगे’ शेजारी ठेवले तर एकच गोष्ट मुलूख बदलल्यावर कुठे टिकते आणि कुठे सैल होते, ते उलगडतं. राम रेड्डी यांचा ‘तिथी’ आणि उमेश कुलकर्णी यांचा ‘वळू’ हीही माझी आवडती जोडी आहे: एकात म्हातारा मेल्यावर मंड्याकडचं गाव, दुसऱ्यात मोकाट वळू पकडण्यासाठी गोळा झालेलं महाराष्ट्रातलं गाव.

जुन्या सिनेमांना घाबरू नका. ‘संत तुकाराम’ (१९३६) यादीत टाकला की तरुण मंडळी नाक मुरडतात, पण त्यातल्या गौरींची जिजाई पाहिली की गप्प होतात. नवरा विठ्ठलाच्या नादात, पोरं उपाशी, आणि ती म्हैस सांभाळत, करवादत संसार रेटते. सिनेमा नक्की कोणाचा, तुकारामांचा की जिजाईचा, या प्रश्नावर घराघरांत भांडणं होतील.

एक कायद्याची गोष्ट थोडक्यात. आपापल्या घरी बघून नंतर भेटणार असाल तर काही प्रश्न नाही. पण हॉल घेऊन, पोस्टर लावून सगळ्यांना सिनेमा दाखवायचा असेल तर हक्कधारकाची परवानगी लागते. घरच्या ओटीटी वर्गणीवर सार्वजनिक खेळ करता येत नाही. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, पण कथा आणि गाणी यांचे हक्क वेगळे असू शकतात. स्वतंत्रपणे सिनेमे करणाऱ्या निर्मात्यांना सरळ पत्र लिहा, गटाची माहिती द्या, किती माणसं असतील ते सांगा. आणि मोठ्या पडद्यावर बघायची हौस दांडगी असेल तर ‘सुचित्रा’सारख्या संस्थेचं सभासदत्व घ्या, ५० वर्षांहून जास्त काळ या शहरात सिनेमा बघायला शिकवणाऱ्या संस्थेला आपला हातभार लागेल.

बैठक संपताना दोघांनी पुढच्या यादीची जबाबदारी तिथल्या तिथे घ्यायची, नावं वहीत लिहायची. पहिल्या मतदानात बरोबरी झाली तर कमी मिनिटांचा सिनेमा घ्या, आणि दुसरा फेरमतदान न करता पुढच्या महिन्यात लावून टाका.